पीठ न मारलेलं मटण

त्या सात दिवसांत मेंढराच्या तळावर हजर होतो ते असे. मी मथुरा, वय सत्तरच्या पुढं. माही नात शीतल, वय एकोणीस. माहा धाकटा भाऊ किसन आन् त्याची बायको पारू. बाकी दोनशे मेंढरं, पंधरा-वीस शेळ्या, एक घोडी आन् दोन कुत्रे. दुसरं कोणी नव्हतं. गावात कोणी सांगत असल की मी बी होतो, तर तो खोटं बोलून राहिला.

मी तिसरीपस्तोर शिकले. अक्षर लावून वाचते, लिहायला उशीर लागतो. हे लिहायला मला बरेच दिवस लागले.

कनेरगाव नाका

आमचं गाव नाक्यापासून पायी अर्ध्या घंट्यावर. शीतल तिथंच वाढली. बारावी झाली आन् नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला. आमच्या घरातली बाहेर शिकायला गेलेली पहिली पोरगी.

पण शीतलला गहू चालत न्हाई. चालत न्हाई म्हणजे आवडत न्हाई असं न्हाई. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी तिचं आतडं सोलल्यावानी होते, असं डॉक्टरनं सांगितलं. पोट फुगते, वांती होते, खाल्लेलं अंगाला लागत न्हाई. मैदा, रवा, शेवया, बिस्कुट, सगळं बंद. ज्वारी, तांदूळ, डाळ, अंडं, मटण चालते. औषध न्हाई. गहू सोडणं हेच औषध.

होस्टेलवर गेली तवा मेसवाल्या बाईला सांगितलं. ती भली बाई, ज्वारीची भाकर करून द्यायची. पण त्याच परातीत, त्याच तव्यावर, चपात्या झाल्यावर. तीन महिन्यांत पोरगी काडी झाली. घरी आणली तवा जिना चढताना भिताडाला धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणला, रक्त लई कमी हाये, मटण खाऊ घाला. कॉलेजच्या मॅडम म्हणल्या, पाडव्यापस्तोर आली तर ठीक, न्हाई तर वर्ष गेलं. खोलीत शेगडी लावायला त्याईनं परवानगी दिली. फ्रीज मात्र न्हाई, आन् कच्चं मटण आणायचं न्हाई.

शीतलचा बाप म्हणला, "राहू दे आता. घरी राहील तर जीव तरी राहील."

 रातच्याला शीतलनं पुस्तकं पेटीत भरून ठेवली, ती पुन्हा काढली न्हाई. मला ते बरं वाटलं न्हाई. मी म्हणलं, वाळलं मटण टिकते. माह्या माहेरी टिकवायचे. तू चाल माह्यासंगं, किसनच्या तळावर.

होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी आमी निघालोत. संगं एक डबा होता. त्यात घरच्या जात्यावर मी दळलेलं ज्वारीचं पीठ. गिरणीचं चालत न्हाई, तिथं आधी कोणाचा तरी गहू दळलेला असते. तिचा तवा बी संगं घेतला, फडक्यात बांधून.

हिंगोली

एस्टीनं हिंगोलीला उतरवून देलं. शीतल म्हणली, "आजी, इथं एक दुकान हाये, पाकिटात मटण भेटते. आधी तिथं पाहू."

मला वाटलं पोरगी मस्करी करून राहिली. पण खरंच होतं. काचेचं कपाट, आत बर्फावानी गार, आन् त्यात गुलाबी कांड्या रांगेनं ठेवलेल्या. बोटाएवढ्या, सगळ्या एकसारख्या. जनावराच्या अंगात अशी एकसारखी जागा कुठं असते हे मला काही उमगलं न्हाई. मी लई येळ पाहत राहिले.

दुकानदार म्हणला, "अम्मा, ये सब पका हुआ है. सिर्फ गरम करो और खाओ."

शीतल एकेक पाकीट उलटं करून बारीक अक्षर वाचू लागली. एक ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं डोळ्याजवळ नेलं.

"काय लिहिलंय?" मी म्हणलं.

"याच्यात पावाचा चुरा. त्याच्यात गव्हाचं पीठ."

"मटणात गहू काहून?"

दुकानदार हसला. "वजन आता है अम्मा. और चिपक के रहता है, बिखरता नहीं."

आमी जन्मभर गहू वेगळा आन् मटण वेगळं खाल्लं. आता लोकाईनं दोन्ही एकाच कातड्यात भरलं आन् वरून सांगितलं बी न्हाई. सांगितलं ते मुंगीच्या पायावानी अक्षरात.

एका पाकिटात गहू नव्हता. शीतलनं ते दोनदा वाचलं, दुकानदाराला बी वाचायला लावलं. पण ते बर्फात ठेवावं लागते. एस्टीतच खराब झालं असतं. तिनं ते हळूच जागेवर ठेवलं.

मग मटणाच्या लोणच्याची बरणी दिसली. तेलात बुडालेलं, झाकण घट्ट. मी म्हणलं, हे बराबर राहील. तेल, मीठ, मिरची, याच्यात कुठला गहू?

"हिंग हाये आजी," शीतल म्हणली.

"मग?"

"हिंगात पीठ असते."

मी म्हणलं असं नसते. साठ वर्षं मी हिंग घालून राहिले, हिंग झाडाचा चीक असते, आमच्या सासूनं सांगितलेलं. दुकानदार बी माह्या बाजूनं झाला. त्यानं फळीवरची हिंगाची डबी काढून शीतलपुढं ठेवली. तिनं त्यावर बोट ठेवलं आन् मला म्हणली, "तू वाच. हे मराठीत हाये."

मी अक्षर लावलं. ग, व्हा, चे. पी, ठ. गव्हाचे पीठ.

दुकानदारानं बी डबी हातात घेऊन वाचलं. "मैं बारा साल से बेच रहा हूँ," म्हणला, आन् डबी परत ठेवताना दोनदा तिच्याकडं पाहिलं. सगळ्या डब्यात तसं नसते म्हणे, पण त्याच्याकडच्या त्या डबीत होतं.

बाहेर येऊन मी बसस्टँडच्या पायरीवर बसले. शीतल म्हणली पाणी पी. मला तहान नव्हती. घरी मी तिच्या वरणात कितींदा चिमटीनं हिंग टाकला असल, ते मोजून राहिले होते. गहू सोडून बी पोरगी घरी बरी काहून होत न्हाई, म्हणून आमी देवऋषी पाहिला होता.

कळमनुरीच्या पुढं

किसनचा तळ त्या टायमाला इसापूरच्या धरणाकाठी होता. आमी धनगर. माहा नवरा शेतकरी झाला, किसन मेंढरामागं राहिला. रब्बी निघाली की तो रिकाम्या रानात मेंढरं बसवते. मेंढराच्या लेंड्या-मुताचं रानाला खत होते, त्याच्या बदल्यात शेतकरी दाणे देते.

कळमनुरीहून काळीपिवळी धरली. फागुन सरत आलेला, रस्त्याच्या दोन्ही अंगाला हळदीचा हंगाम. लोखंडाच्या टाक्यांतून वाफ निघून राहिलेली, शिजलेली हळद खळ्यावर पसरलेली. कुठं पिवळी, कुठं मातकट, नजर जाईल तिथपस्तोर. माणसाईचे हातपाय पिवळे, एका म्हशीची पाठ बी पिवळी. वास असा की जीपमधली सगळी माणसं गप झाली.

एका खळ्यापाशी उतरलोत. तिथल्या बाईला म्हणलं, हळकुंडं पाहिजेत.

"पूड घ्या की, आजी. तयार हाये."

"पूड नको. गिरणीतून आलेली असल."

"मग गिरणीतून न्हाई तर काय आभाळातून येईल?" ती हसली. पण शीतलनं दोन वाक्यांत सांगितलं तसं तिनं स्वतः ढीग उकरून चांगली वाळलेली, टणक हळकुंडं ओंजळभर काढून देली. पैसे घेतले न्हाईत. म्हणली, "कॉलेज झालं की इकडं सुई टोचायला ये."

पुढं चढ चढून गेलोत आन् पाणी दिसलं. धरण मी आधी पाहिलेलं, पण पावसाळ्यात. उन्हाळ्याच्या तोंडाला एवढं पाणी आमच्या मुलखात कोणी पाहत न्हाई. आमच्याकडं तवा हापसा कोरडा हवा टाकते. इथं पल्याडचा काठ निळा दिसे. पाण्यात वाळलेली झाडं उभी, त्यावर काळे पक्षी पंख पसरून बसलेले. शीतल म्हणली, "आजी, उगं बसू दोन मिनिटं." बसलोत. ती एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागून राहिली होती.

तळावर, पहिला दिवस

पारूनं लांबूनच हाक मारली, "वन्सं, म्हातारपणी पाय फुटले का तुमाले?"

"तुह्या हातचं खायला आले," मी म्हणलं.

पोरगी आजारी हाये, तिला वाळलं मटण पाहिजे, एवढंच किसननं आठ दिवसांमागं फोनवर ऐकलेलं, म्हणून पारूनं मटण आधीच करून ठेवलं होतं. होळीला बोकड कापलेला. त्याच्या लांब लांब पट्ट्या काढून, मीठ-हळद लावून, पालाच्या दोरीवर वाळवून तयार. एक पट्टी तिनं मोडून दाखवली. टक्कन आवाज झाला. आतून काळपट लाल, एकसारखं. सत्तर वर्षांत मी लई वाळवणं पाहिली, पण असं नेमकं वाळलेलं थोडंच. कुठं ओल न्हाई, कुठं जळकं न्हाई.

मी विचारलं, "पारू, याच्यात गहू न्हाई ना?"

"मटणात गहू कुठला, वन्सं? मीठ आन् हळद. हळद बी मीच कुटलेली."

"हिंग?"

"वाळवणाला हिंग कोण घालते?"

मला हलकं वाटलं. शीतलनं एक तुकडा निखाऱ्यावर भाजला, डोळे मिटून खाल्ला. "आजी, लई दिवसांनी तोंडाला चव आली," म्हणली. किसन हसला. पारूनं अजून एक तुकडा देला.

मी पट्ट्या मोजून फडक्यात बांधायला बसले. सातव्या-आठव्या पट्टीला बोटं पाहिली. बोटावर पांढरी भुकटी. मला मीठ वाटलं. जिभेला लावलं, तर खारं कमी आन् गुळगुळीत.

तवा मला आठवलं. माही माय पट्ट्या दोरीवर टाकायच्या आधी त्याईला पीठ मारायची. माशी बसू नये, पट्टी पट्टीला चिकटू नये म्हणून मूठभर कोरडं पीठ वरून उडवायचं. मी त्याच घरची लेक. लहानपणी ते पीठ मीच उडवलेलं. आन् दुपारी विचारताना मला आठवलं न्हाई.

"पारू, पीठ कशाचं मारलं?"

"पीठ?" पारू म्हणली. "ते होय. ते काय घातलं म्हणत्यात का? ते तर वरून मारत्यात."

"कशाचं?"

"सासूबाई ज्वारीचं मारायच्या. पण पोरगी आजारी, मग तिच्यासाठी ज्वारी कशी वापरू? रेशनचा गहू चांगला निवडून, धुऊन, वाळवून दळून आणला."

ती खुशीनं सांगून राहिली होती. मला तिच्यावर रागवता आलं न्हाई. शीतल उभी राहिली, पालाच्या मागं गेली, आन् बोटं घालून वांती काढायचा तिनं प्रयत्न केला. थोडं निघालं, थोडं राहिलं.

दुसरा दिवस

सकाळपासून पोरगी लिंबाच्या सावलीत घोंगडीवर पडून होती. पोट नगाऱ्यावानी. पाणी पिलं की उलटून पडे. किसन तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला जीप आणतो म्हणला. शीतलच म्हणली, "नको आबा. सलाईन लागंल असं वाटलं तर मी सांगते. मीठ-साखरेचं पाणी द्या, चमच्या-चमच्यानं." तिला तिचं दुखणं पाठ झालेलं.

पारू आधी फुगून बसली होती. चुलीपाशी भांडी आपटून राहिली. "आमच्या हातचं कोणालाच बाधलं न्हाई आजवर. शिकलेल्या पोरीची थेरं." मला ऐकू जावं असं बोलली.

मी म्हणलं, "पारू, तू येऊन पहा."

ती आली. शीतलच्या पोटावर तिनं हात ठेवला. धनगराच्या बाईला पोट कळते. फुगलेली शेळी तिनं हजार येळा चाचपलेली. हात ठेवला आन् तिचं तोंड उतरलं.

"एवढ्या भुकटीनं?" म्हणली. "चिमटीभर बी नसल."

"एवढ्यानंच."

ती तिथंच बसली. आपल्या बोटाकडं पाहत राहिली, जसं काही त्या बोटाला पहिल्यांदा पाहून राहिली. मग मी तिला जे कोणाला सांगितलं न्हाई ते सांगितलं.

माही पहिली पोरगी सुमन. चार वर्षांची होती तवा गेली. पोट मोठं, हातपाय काड्या, सदा जुलाब. तवा आमच्या घरी गहू सणालाच असायचा. गरिबाचं धान्य ज्वारी. मी म्हणायची पोरीला ताकद यावी, म्हणून दुसऱ्याच्या रानात गव्हाच्या सोंगणीला जायची आन् मजुरीत गहूच मागायची. त्याच्या शेवया करून दुधात घालून तिला चारायची. आमी कोणी खात नव्हतो, सगळं तिलाच. जितकं चारलं तितकी ती वाळली. शीतलच्या डॉक्टरला मी विचारलं, तिला बी हेच होतं का? तो म्हणला, आजी, आता सांगता येत न्हाई. बराबर हाये. सांगता येत न्हाई.

 पारूनं शीतलच्या कपाळावरचे केस मागं सारले आन् चमच्यानं पाणी पाजत बसली, संध्याकाळपस्तोर. चूल त्या दिवशी किसननं पेटवली.

तिसऱ्या दिवसापासून

पोरगी उठून बसली तवा किसननं शेळ्यांतून एक बोकड ओढून आणला. पारू म्हणली, "हा देवाचा. चैताच्या जत्रेचा."

"देव थांबते. पोरीचं कॉलेज थांबत न्हाई," किसन म्हणला. त्यानं देवाचं नाव घेतलं, हात जोडून माफी मागितली, आन् काळजाचा पहिला वाटा पाल्यावर देवाला ठेवला. उरलेलं काळीज तव्यावर शीतलला. तवा तिचा, आमी आणलेला.

पुढं जे पारूनं केलं ते मी उभी राहून पाहिलं. सुरी राखेनं तीनदा घासली. लाकडाचा ठोकळा घेतलाच न्हाई, "याच्या भेगात काय काय बसलं असल," म्हणली. धरणातला सपाट धोंडा आणून त्यावर मटण कापलं. दोरी जुनी टाकून देली, लोकरीची नवी वळली. हळकुंडं धोंड्यावर धोंडा मारून फोडली, कुटली. मीठ खड्याचं. हात धुवून धुवून तिचे तळवे पांढरे पडले. मधीच किसनला ओरडली, "तुमी भाकर खाल्ली, त्या हातानं दोरीला शिवू नका." किसननं गुमान हात वर केले, जसं पोलीस आल्यावर करत्यात.

मी म्हणलं, माह्या डब्यात जात्यावरची ज्वारी हाये, तीच मार.

"ती पोरीच्या भाकरीला ठेवा, वन्सं. पीठच नको. मी धूर करते."

आन् तीन दिवस तिनं धूर केला. दोरीखाली गवऱ्या, त्यावर लिंबाचा ओला पाला. ऊन वरून, धूर खालून. वारा फिरला की ती गवऱ्या सरकवायची. माशी आली की पदरानं हाकलायची. डोळे लाल, नाकातून पाणी. मेंढरं किसन आन् मी पाहिली. चाळीस वर्षांनी मी मेंढरामागं फिरले, गुडघे बोलले, पण चालले. वरून पाहिलं की तो धूर सरळ वर जाऊन पाण्याच्या अंगाला वाकायचा, आन् त्याच्याखाली पारू एवढीशी दिसायची. मी लई देवळं पाहिली. तिथं उभं राहून असं गप व्हायला झालं न्हाई.

सहाव्या दिवशी दुपारी शीतलनं तिचा पहिला तुकडा खाल्ला. आमी तिघं तिच्या तोंडाकडं पाहत बसलो. ती म्हणली, "असं बसू नका, मला गिळवत न्हाई."

मग आमी मेंढराकडं पाहत बसलो.

संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ झाली. पोट मऊ होतं. पारूनं सकाळी उठल्यावर आधी तेच पाहिलं, हात ठेवून.

परतल्यावर

पाडव्याच्या दोन दिवस आधी शीतल नांदेडला गेली. काचेच्या दोन बरण्या भरून मटण, तिचा तवा, पिठाचा डबा. ती मटण कुटून, पाण्यात भिजवून, लसूण-मिरची घालून शिजवते. आता पाऊस उघडून राहिला, ती अजून तिथंच हाये. परवा फोनवर म्हणली, रक्त वाढलं, जिना एका दमात चढते. बरण्या रिकाम्या झाल्या. पारूचा निरोप आला की दुसऱ्या तयार हायेत.

मटणाच्या नादानं मी एवढा मुलूख हिंडले, त्यातून मला एवढंच कळलं. घरातलं का दुकानातलं, मायेनं केलेलं का बिनमायेचं, याच्यावर काही ठरत न्हाई. काय काय लागलं, कशावर कापलं, कशात ठेवलं, वरून काय उडवलं, यावरच ठरते. आन् ते करणाऱ्यालाच ठावं असते.

म्हणून जे कोणी हे वाचून राहिलं त्याला माहं एकच मागणं हाये. तुमच्या घरी, लग्नात, मेसमध्ये एखादं लेकरू जेवायला बसलं आन् म्हणलं की मला गहू चालत न्हाई, तर त्याला हसू नका, फुगू नका, आन् थोडंसं खा म्हणून गळ घालू नका. चुलीपासून ताटापस्तोर काय काय लागलं ते आठवून, सगळं खरं सांगा. ठावं नसल तर ठावं न्हाई म्हणा. ते लेकरू तुमच्याकडं कोरडा भात खाऊन उठलं तरी चालते.